सायकलची पडशी

पुणतांबा
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय अल्मास,

दिवाळीच्या ब्लाउजांतून तुझी मान वर आली असेल असं धरून लिहितेय. फोन मुद्दाम केला नाही. व्हॉईस मेसेज पाठवला की तुझ्या दुकानातल्या चार बायका तो ऐकतात आणि पाचवी आपलं मत देते. शिवाय मापं कागदावरच बरी. तुझे नवरोबा तौसीफभाई उद्या टेम्पो घेऊन राहात्याला डाळिंबं भरायला येणार आहेत, त्यांच्याजवळ हे पत्र आणि सोबतची पिशवी देते.

मी सायकल घेतली. जुनी आहे, पण लोखंड दणकट आहे आणि गिअर चालतात. स्टँडमागच्या बजरंगने चाकं सरळ करून दिली, मागे जाड कॅरिअर बसवलं. आता मला कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकतील अशा दोन बॅगा हव्यात. तयार मिळतात, पण त्या पाहिल्यावर वाटलं, अल्मास यापेक्षा बरं शिवेल.

मापं अशी: उंची चौदा इंच, रुंदी बारा, खोली सहा. तोंड गुंडाळून बंद होणारं, म्हणजे पाऊस आला तरी आत थेंब जाणार नाही. पाठीला पातळ प्लायवूड घाल, नाहीतर कापड चाकात जाईल. पिशवीत हुक आणि पट्टे ठेवलेत.

कोपरगावचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यांच्याबरोबर दोन दिवस भंडारदऱ्याला जाणार आहे. तंबूत राहायचं. हसू नकोस.

आप्पांना जाऊन तीन महिने होतील. आठ वर्षं त्यांच्या खाटेभोवती फिरले, आता खाट उचलली तरी पाय तिथूनच वळसा घालून जातात. घासलेली भांडी परत घासते. अंगण दिवसातून तीनदा झाडते. शेजारची विचारते, कुणी येणार आहे का गं? काय सांगू तिला!

लवकर शिव. घाई आहे.

तुझी,
मोनिका

---

शेवगाव
१२ नोव्हेंबर

मोने,

तुझी पिशवी उघडली तेव्हा दुकानात खरंच चार बायका होत्या आणि पाचवीने मत दिलंच. म्हणाली, ही तर घोड्यावरची पडशी! तर तुझी पडशी शिवून झाली आहे.

बाहेरून ताडपत्री, टेम्पोवरची, न वापरलेली. आतून काय घालावं कळत नव्हतं. मग तौसीफ म्हणाले, फ्लेक्स घाल, पाणी येणार नाही. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स निवडणुकीपायी उतरवून ठेवलेत, त्यातला एक त्यांनी मागून आणला. आता तुझ्या उजव्या बॅगेत एक साहेब हात जोडून उभे आहेत आणि डाव्या बॅगेत त्यांचे चौदा शुभेच्छुक. कपडे काढताना दचकू नको.

मशीनच्या तीन सुया मोडल्या. कोपरे शेवटी दाभणाने हातानं शिवले. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, बाजूला बसून दोऱ्याला मेण लावत होत्या. त्यांनी विचारलं, मोनिका कुठं निघाली? मी म्हटलं, भंडारदऱ्याला, दोन दिवस. त्या म्हणाल्या, दोन दिवसाला एवढं? आम्ही हजला गेलो तेव्हा एवढं नव्हतं.

आता मीच विचारते. चौदा बाय बारा बाय सहा, अशा दोन. मी कापड मापणारी बाई आहे, पोटात किती मावतं ते मला कळतं. दोन दिवसाला दोन ड्रेस लागतात. तू काय नेतेयस? पाटा-वरवंटा?

हसले नाही. म्हणजे आधी हसले, मग तुला सायकलवर आठवलं. शाळेची सायकल मिळाली त्या वर्षी तू ब्रेक न लावता घाट उतरून थेट नदीच्या चिखलात गेलीस आणि मी वरून ओरडत होते, थांब, थांब. मी तेवढंच करत आले बघ.

जेवतेस का नीट?

तुझी,
अल्मास

---

पुणतांबा
१७ नोव्हेंबर

अल्मास,

पडशी मिळाली. बजरंगने चारदा उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ताई, ही बाई आमाला शीटकव्हरं शिवून देईल का?" यापेक्षा मोठं सर्टिफिकेट पुणतांब्यात मिळत नाही.

आज सगळं भरून शिर्डी रस्त्याला निघाले. तंबू, गादीची वळकटी, छोटा स्टोव्ह, भांडं, तांदूळ, पाणी, पंप, ट्यूब, पाने. सगळं मागे. पहिल्या शंभर पावलांतच टाच बॅगेला लागायला लागली. पाय बाहेर काढून बदकासारखी चालवली. मग चढावर पुढचं चाक हलकं झालं. हँडल हातात आहे आणि सायकल आपल्या मनाने चाललीय, असं. मागून उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर आला, गाणी लावलेला. मी कडेला घ्यायला गेले आणि खडीत आडवी झाले.

काही नाही, गुडघा सोलला. ट्रॅक्टरवाला उतरून आला, त्याने सायकल उचलली आणि म्हणाला, "मावशी, घरी कोणी न्हाई का?" मी छत्तीसची, मावशी!

बजरंगचं म्हणणं, "मागं लई वजन हाय. जड ते खाली आन् पुढं घ्या." तर आता असं कर. मागच्या बॅगांचे हुक दोन इंच पुढे सरकव, म्हणजे बॅगा मागे जातील आणि टाच सुटेल. पुढच्या चाकाला दोन लहान बॅगा शिव, दहा बाय आठ. तांदूळ, स्टोव्ह, पाने तिकडे जातील. दोन्हीकडे वजन सारखं हवं, मी वजनकाट्यावर तोलून भरणार आहे.

आणखी एक. कमरेला बांधायची चपटी पिशवी हवी, कुर्त्याच्या आत राहील अशी. पाणी न लागणारी. कागदपत्रांना.

दादा काल आला होता कोपरगावहून. वहिनीच्या आईला अर्धांगवायू झालाय, कारखान्याच्या क्वार्टरवर त्यांच्याकडेच आणलंय. बरंच बोलत होता. चहा दोनदा घेतला. ते असो.

पुढच्या गुरुवारपर्यंत होईल का? होईलच.

मोनिका

---

शेवगाव
२५ नोव्हेंबर

मोनिका,

हुक सरकवले. पुढच्या दोन लहान बॅगा शिवल्या. कमरेची पिशवी शिवली नाही.

आधी सांग, भंडारदऱ्याला जाताना कागदपत्रं कशाला लागतात? तिथं कुणी आधार कार्ड बघून पाणी दाखवतं का? मी तुझ्या दोन्ही पत्रांतलं सामान एका कागदावर मांडलं. तांदूळ. स्टोव्ह. ट्यूब. ग्रुपबरोबर जाणाऱ्या बाईला स्वतःचे पाने लागत नाहीत. ग्रुपमधल्या एकाचंही नाव तू अजून लिहिलं नाहीस.

आणि रविराजदादाने दोनदा चहा घेतला तर 'ते असो' काय? तू 'ते असो' म्हणतेस तेव्हा त्याच्याखाली काहीतरी पुरलेलं असतं.

हे परत न येणाऱ्या माणसाचं सामान आहे. मला भीती वाटते, मोने. कुणाबरोबर चाललीयस का? की दुसरंच काही डोक्यात आहे? खरं लिही, नाहीतर बॅगा दुकानातच राहतील.

अल्मास

---

पुणतांबा
२८ नोव्हेंबर

अल्मास,

कुणाबरोबर नाही. जीवबीव द्यायचा असता तर एवढी मापं लिहिली नसती. ग्रुप नाही. भंडारदराही नाही. तुझ्याशी खोटं बोलले, चूक झाली.

मी गोदावरीच्या कडेकडेने जाणार आहे. घाटावरून जे पाणी खाली जाताना रोज बघते ते कुठे जातं ते बघायला. नेवासा, शेवगाव, पैठण, गंगाखेड, नांदेड, मग तेलंगण, आंध्र. नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत. एकटी. किती दिवस लागतील माहीत नाही.

आता 'ते असो' उकरते. दादा म्हणाला, "वहिनीच्या आईचं तू बघ. कोपरगावला येऊन राहा. तुझं इथं एकटीचं काय आहे? आणि तुला सवय आहे." वाईट मनाने म्हणाला नाही, अल्मास. कौतुकाने म्हणाला. "तुझा हात आजारी माणसाला चांगला लागतो."

मी पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा दादा म्हणाला होता, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. सहा महिन्यांची आठ वर्षं झाली. आप्पांचं केलं त्याचं मला काही वाटत नाही, ते माझे आप्पा होते. पण 'सवय आहे' हे ऐकलं आणि माझे तळपाय गरम झाले. बसून राहवेना. त्याच्यासमोरून उठले, मागच्या दाराने बाहेर पडले आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन आले. तो समजला, दूध आणायला गेले.

त्याला नाही म्हणता येत नाही मला. तोंडच उघडत नाही. म्हणून निघते. पंधरा डिसेंबरला, रविवारी, उजाडताना. निघाल्यावर त्याला फोन करीन. तोपर्यंत तुझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही आणि कळता कामा नये.

कागदपत्रं माझ्या नर्सिंगची आहेत. रजिस्ट्रेशन परत जिवंत करायचं आहे. घरात ठेवली तर दादा जपून ठेवील, मग मिळायची नाहीत.

मुक्काम गावांत करीन, शाळेजवळ, देवळाच्या आवारात, विचारून. नांदेडच्या मुख्य पोस्टात माझ्या नावाने पत्र टाकलंस तर ते तिथे ठेवतात, जाऊन मागायचं. चौकशी केलीय.

आता शिवशील ना ती पिशवी?

मोनिका

---

शेवगाव
३ डिसेंबर

मोनिका,

पिशवी शिवली. दोन कप्पे केलेत. पुढच्या बॅगाही पाठवते. सगळं एकदम तौसीफबरोबर.

तू म्हणतेस तर तसं. मला जास्त काही लिहिता येत नाही आज, लग्नाचं काम आहे. नेवाशाहून निघालीस की शेवगावला आमच्याकडे मुक्काम कर, अम्मीही म्हणतात. गुडघ्याला जप.

रविराजदादा तुझा सख्खा भाऊ आहे हे विसरू नको. तो तुझं वाईट करणार नाही.

अल्मास

---

पुणतांबा
९ डिसेंबर

अल्मास,

काल दादा आला. सरळ पडवीत गेला. सायकलचं पुढचं चाक सोडवलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं. हत्यार लागत नाही त्याला, नुसता खटका वळवायचा असतो. मी बघत राहिले. "पंधरा तारखेला निघणार होतीस ना?" असं म्हणाला. "समुद्रापर्यंत?" म्हणाला. "आन् बॅगा कुणी शिवल्या तेही माहिती हाय मला."

पंधरा तारीख मी एकाच माणसाला लिहिली होती.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझं डोकं शांत झालं की चाक देतो. पुढच्या आठवड्यात कोपरगावला घेऊन जातो तुला." गाडी गेल्यावर मी सायकलकडे बघितलं. पुढचे दोन पाय मोडलेलं जनावर बसतं तशी ती बसली होती.

तू मला म्हणाली असतीस, जाऊ नको, तर मी भांडले असते. तुझ्या तोंडावर भांडले असते. तू तेवढीही संधी दिली नाहीस. बॅगा पाठवल्यास, वर गुडघ्याला जप म्हणून लिहिलंस.

याला उत्तर लिहू नकोस. तुझा नंबर मी बंद केला आहे.

मोनिका

---

शेवगाव
२१ डिसेंबर

सौ. अल्मास तौसीफ शेख यांजकडून
मोनिका सहादेव हिला, मुख्य डाकघर, नांदेड. येऊन मागेपर्यंत ठेवावे.

मोने,

उत्तर लिहू नको म्हणालीस, बारा दिवस लिहिलं नाही. आता लिहिते. वाचलंस तर वाच.

हो, मी फोन केला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. तंबूत एकटी झोपलेली तू डोळ्यांपुढे यायचीस आणि माझा हात मशीनवर थांबायचा. मला वाटलं, दादाला सांगितलं तर तो तुला समजावील, फार तर कुणाला तरी सोबत देईल. चाक काढून नेईल असं वाटलं नव्हतं. पण तू विश्वासाने लिहिलं होतंस आणि मी ते दुसऱ्याच्या हातात दिलं. त्याला दगा सोडून दुसरं नाव नाही.

अजून एक आहे, तेही सांगते. नुसती भीती नव्हती. बॅगा शिवताना रोज मला वाटायचं, ही जाईल आणि मी इथं चेन बदलत आणि कमरेत टक्स घालत बसेन. हेवा वाटला. त्या हेव्याला मी काळजी म्हटलं. हे अम्मींनी ओळखलं, मी नाही. त्या म्हणाल्या, "बेटी, डर तेरा था, उसके सर क्यों बांधा?"

परवा, म्हणजे गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला चांगुणामावशी ब्लाउज न्यायला आल्या. टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अगं, समोर रसवंतीपाशी एक बाई उभी हुती बराच येळ. सायकलला चारी बाजूंनी गाठोडी. तुझ्याच दुकानाकडं बघत हुती. मला वाटलं आत येईल."

मी मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन पळाले. पैठण रस्त्याला पेट्रोलपंपापर्यंत. लोक बघत होते. तू नव्हतीस.

रात्री रविराजदादाचा फोन आला. मलाच बोलला, तूच तिला फूस दिलीस म्हणून. चाक परत कसं गेलं ते काही सांगेना, नुसता धुसफुसत होता. मी पहिल्यांदाच त्याचा फोन मधेच ठेवला.

पैठण काय, तौसीफने टेम्पोने अर्ध्या तासात गाठलं असतं. ते म्हणाले, चल, आणू तिला. मी नको म्हटलं. एवढं तरी बरोबर केलं का?

एकच विचारायचं आहे. माझ्या दारापर्यंत आलीस, एवढा वेळ उभी राहिलीस, आणि हाक का मारली नाहीस? एवढी मेले का मी तुला?

अल्मास

---

नांदेड
२ जानेवारी २०२५

प्रिय अल्मास,

तुझं पत्र आज मिळालं. पोस्टातल्या माणसाने माझं आधार कार्ड पाहिलं, मला पाहिलं, बाहेरची सायकल पाहिली आणि विचारलं, "शेवगाव ते नांदेड पत्र पोचायला वेळ लागला की तुम्हाला?" इथेच पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितेय.

चाकाचं आधी सांगते. सोळा तारखेला दुपारी वहिनी आली. एकटी, एसटीने. मांडीवर चाक घेऊन कोपरगावहून आली होती, साडीला सगळीकडे ग्रीसचे डाग. दारातच म्हणाली, "मोनिकाताई, आई माझी आहे. मी बघते. त्यांनी मला न विचारता तुम्हाला विचारलं." मग पाणी मागितलं. आठ वर्षांत आम्ही दोघी असं कधी बोललोच नव्हतो. चाक तिनेच धरलं, मी बसवलं. निघताना मला म्हणाली, "आता घरात बसून राहू नका. ते उद्या येतील." मी सतराला उजाडताना निघाले.

पहिले दिवस वाईट गेले. सारखं मागे बघायचे, दादाची गाडी येते का. नेवाशाला थांबवेना, नांगरलेल्या रानाकडेला तंबू लावला आणि पहाटेच काढला. नकाशावर पुढचं गाव दिसलं की ते मागे पडेपर्यंत चैन नसायची. जेवायलाही सायकलला टेकून उभी राहायचे. वाऱ्याशी भांडत, चढाशी भांडत, तुझ्याशी तर रोज.

पैठणच्या पुढे बॅगांची चांगली घडी बसली. पुढे जड, मागे हलकं, दोन्हीकडे सारखं. सायकल सरळ चालते आता, हात सोडले तरी. डाव्या बॅगेतले शुभेच्छुक पुसट झालेत, पण पाण्याचा थेंब आत गेलेला नाही.

गंगाखेडच्या अलीकडे एका वस्तीवर अंगणात तंबू लावायला विचारलं. लावा म्हणाले. घरात एक आजी खाटेवर होती, पाठीला जखमा झालेल्या. वासावरूनच कळलं मला. कुणी विचारायच्या आत मी हात धुऊन आत गेले. जखमा धुतल्या, कूस बदलली, उशा कशा लावायच्या ते दाखवलं. आजी कण्हायची थांबली. घरातले सगळे माझ्याकडे देव आल्यासारखं बघायला लागले आणि आता काय होणार ते मला कळलं.

सकाळी बाहेर आले तर सायकल अंगणात नाही. आत ओट्यावर नेऊन ठेवलेली. थोरला, गोरक्षनाथ, हात जोडून म्हणाला, "ताई, महिनाभर ऱ्हावा. खोली देतो, पगार देतो. तुमचा हात लागला आन् मायला झोप लागली बघा."

तोच हात. तेच शब्द. अल्मास, माझे पाय गरम झाले, पण मागच्या दाराने निघून गेले नाही. तोंड उघडलं. म्हणाले, "मी राहणार नाही. पण कसं करायचं ते शिकवून जाते." दुपारपर्यंत थांबले. वहीचं पान फाडून दोन-दोन तासांचा तक्ता केला, कुणी कधी कूस बदलायची ते. सुनेने आपलं नाव सगळ्या रकान्यांत सांगायला सुरुवात केली. मी ते खोडलं. गोरक्षनाथ आणि त्याचे दोन भाऊ, तिघांची नावं घातली, त्यांच्याकडून एकेकदा माझ्यासमोर करून घेतलं. मधला पुढेच येईना. आईला हात लावायची भीती वाटत होती त्याला. मग जमलं. गोरक्षनाथने स्वतः सायकल उचलून खाली आणून दिली.

त्या संध्याकाळी दादाला फोन लावला. म्हणाले, मी ठीक आहे, नांदेडच्या वाटेवर आहे, तुझ्या सासूबाईंचं मी करणार नाही. त्याने विचारलं, "ब्रेक नीट हायेत का?" एवढंच. मी रडले थोडी.

नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनचे कागद इथूनच पाठवते आहे, तेही काम आजच उरकते.

तुझ्यावर राग आहे अजून. संपला असं लिहिलं तर ते भंडारदऱ्यासारखं होईल. पण तुझा नंबर आता सुरू केला आहे. आणि टेम्पो पाठवला नाहीस ते बरोबर केलंस.

रसवंतीपाशी मी अर्धा तास उभी होते. तू मशीनवर वाकली होतीस, टेप गळ्यात, तोंडात टाचण्या. एकदा मान वर करून रस्त्याकडे पाहिलंस, पण मधे टेम्पो आला. मेली बिली नाहीस तू मला. हाक मारली असती तर तू 'थांब' म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. मग कधीच निघाले नसते.

येताना शेवगाववरूनच येईन. आता 'थांब' म्हणालीस तरी चालेल.

तुझी,
मोनिका